प्रयोगशाळेचे दार

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेचा निकाल लागला. रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन परीक्षेस बसलेली कमला भागवत नावाची मुलगी गुणानुक्रमे पहिली आली. घरी आनंदीआनंद झाला. पुढे काय शिकावयाचे, हा प्रश्न तिला पडलाच नाही. त्याचे उत्तर तिच्या मनात केव्हाच निश्चित झालेले होते.

कमलेचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटा यांच्या उदार देणगीतून बंगळूर येथे १९०९ साली जी विज्ञानसंस्था उभी राहिली, त्या संस्थेत त्या दोघांचे शिक्षण झाले होते. त्यामुळे प्रयोगशाळा, प्रयोग, संशोधन हे शब्द त्या घरातल्या मुलींच्या कानांवर लहानपणापासून पडत असत. ज्या काळी अनेक घरांतून मुलीला चार इयत्ता शिकविणे हीच मोठी गोष्ट वाटे, त्या काळी भागवतांच्या घरी मुलींनी विद्येची वाट धरावी, ही वडीलमाणसांचीच इच्छा होती. कमलेची थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील नामांकित लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आली. कमलेने मात्र वडिलांची व काकांची वाट धरली. त्या दोघांनी जेथे विद्या मिळविली, त्याच संस्थेत आपणही संशोधन करावे, असा तिचा निश्चय होता.

तिने बंगळूरला अर्ज पाठविला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. प्रकाशकिरणांविषयीच्या त्यांच्या शोधाबद्दल १९३० साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. एवढ्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालील संस्थेत आपल्याला प्रवेश मिळेल, याविषयी कमलेला शंका नव्हती. गुणांच्या यादीत तिच्या वर कोणाचे नावच नव्हते!

परंतु अर्ज नामंजूर झाला. कारण एकच. अर्ज करणारी स्त्री होती.

हे उत्तर पाहून कमला चकित झाली. वडिलांनी व काकांनी रामन यांची समजूत घालून पाहिली. पण मुलींना संस्थेत घ्यावयाचे नाही, हा त्यांचा आग्रह ढळेना. दुसरी एखादी मुलगी असती तर कदाचित घरी परतली असती, आणि तिला कोणी दोषही दिला नसता. कमलेला मात्र हा अन्याय मुकाट्याने सोसणे पटेना. जी गोष्ट परीक्षेने सिद्ध झाली आहे, ती केवळ मी मुलगी आहे म्हणून खोटी कशी ठरते, असा तिचा सरळ प्रश्न होता. ते दिवस महात्मा गांधींच्या चळवळीचे होते. अन्यायापुढे मान तुकवावयाची नाही आणि अन्याय करणाऱ्याचा द्वेषही करावयाचा नाही, हा धडा तेव्हा घरोघरी पोहोचला होता. कमलेने रामन यांच्या कचेरीपुढे सत्याग्रह आरंभिला. प्रवेश मिळाल्यावाचून आपण येथून हलणार नाही आणि अभ्यासक्रम विशेष प्राविण्याने पुरा करून दाखवू, असे तिने ठामपणे सांगितले.

अखेर रामन यांना माघार घ्यावी लागली. तथापि, त्यांनी काही अटी घातल्या. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही; तिचे काम समाधानकारक आहे, अशी संचालकांची खात्री झाली तरच तिच्या अभ्यासाला मान्यता मिळेल. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही तिला काम करावे लागेल. शिवाय, तिच्यामुळे प्रयोगशाळेतील इतर संशोधकांच्या कामात कोणताही व्यत्यय येता कामा नये. या शेवटच्या अटीतील अपमान कमलेला कळत नव्हता असे नाही. कोणत्याही मुलाला अशी अट कधी घातली गेली नव्हती. पण दार किलकिले झाले होते. आता मागे फिरलो, तर ते पुन्हा बंद होईल, आणि ते केवळ आपल्यापुरते बंद होणार नाही, हे तिने ओळखले. तिने अटी मान्य केल्या.

अशा प्रसंगी माणसाला नुसते धैर्य पुरत नाही. ज्याच्याकडून शिकावे असा गुरूही लागतो. कमलेच्या सुदैवाने तिला तसे गुरू लाभले. त्यांचे नाव श्रीनिवासय्या. ते कामाच्या बाबतीत अत्यंत कडक होते. चूक झाली तर ती दुरुस्त होईपर्यंत ते पुढे जाऊ देत नसत. पण शिष्य पुरुष आहे की स्त्री, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे. शिकण्याची खरी ओढ असलेल्यांना आपल्याजवळचे सारे ज्ञान द्यावे, ही त्यांची वृत्ती होती. जीवरसायनशास्त्रातील उत्तमोत्तम ग्रंथ त्यांनी कमलेला वाचावयास लावले. ज्या शास्त्रज्ञांचे ग्रंथ वाचावयाचे, त्यांना पत्रे लिहून आपल्या शंका विचाराव्या, असेही त्यांनी तिला शिकविले. गुरूच्या कडकपणामागे शिष्याविषयीचा विश्वास दडलेला असतो, हे कमलेने बंगळूर येथे अनुभवले.

श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली तिने दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिने म्हणजे शरीर घडविणारी द्रव्ये. स्नायू, त्वचा, रक्त, केस या सर्वांच्या घडणीत त्यांचा भाग असतो. आपल्या देशात बहुसंख्य लोकांना डाळी आणि कडधान्ये यांतूनही प्रथिने मिळतात. वरण, उसळ, आमटी हे आपले रोजचेच पदार्थ. पण त्यांत कोणती प्रथिने असतात, शरीराला ती कितपत उपयोगी पडतात, याची शास्त्रीय माहिती त्या काळी फार थोडी होती. गरिबाच्या ताटातील अन्नाचा कस प्रयोगशाळेत पाहणे, हे काम कमलेने आपले मानले, आणि जन्मभर ते सोडले नाही.

वर्ष सरले. तिचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि तिच्या अभ्यासाला रीतसर मान्यता मिळाली. त्याहून मोठी गोष्ट अशी की, यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे १९४० साली अॅना मणी नावाची तरुणी बंगळूरला आली आणि स्वतः रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिऱ्यांवर संशोधन करू लागली. भारताच्या हवामान खात्यातील एक थोर शास्त्रज्ञ म्हणून त्या पुढे विख्यात झाल्या. तिला कचेरीपुढे सत्याग्रह करावा लागला नाही. तो तिच्यासाठी आणखी कोणीतरी आधीच करून ठेवला होता.

१९३६ साली कमलेने मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी विशेष प्राविण्याने मिळविली. दिलेला शब्द तिने खरा केला. पण तिची ज्ञानाची भूक शमली नव्हती. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या आधारे ती इंग्लंडला गेली आणि केंब्रिज येथे दाखल झाली. तेथे स्त्रियांसाठी १८७१ साली स्थापन झालेले न्यूनहॅम कॉलेज होते. त्या कॉलेजची ती विद्यार्थिनी झाली.

केंब्रिजमध्ये त्या वेळी सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जीवनसत्त्वांविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. जगातील अनेक तरुण शास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी धडपडत असत. हॉपकिन्स यांचा एक विशेष असा की, त्यांच्या विभागात स्त्रियांना मोकळेपणाने काम करता येई. मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम अशा विदुषी तेथे नावारूपाला आल्या. स्टीफन्सन या तर १९४५ साली रॉयल सोसायटीच्या सदस्य म्हणून निवडल्या गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक होत. हे सर्व कोणत्या विद्यापीठात घडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हॉपकिन्स यांच्या मनाचा मोठेपणा कळून येतो. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी देण्यास केंब्रिजने १९४८ सालापर्यंत मान्यता दिलेली नव्हती! स्त्रियांच्या मार्गातील अडथळे केवळ आपल्याच देशात होते, असे नव्हे. विद्येच्या त्या माहेरघरीही ते होते, आणि ते दूर करू पाहणारी माणसेही तेथेच होती.

कमला तेथे पोहोचली तेव्हा प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. पुन्हा दाराशीच थांबावे लागते की काय, असा प्रसंग आला. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर नावाचे संशोधक पुढे आले. त्यांनी आपले कामाचे मेज दिवसा तिला वापरू दिले. कृती अगदी साधी होती; तिचा कोठे गाजावाजा झाला नाही. पण परक्या देशात आलेल्या मुलीला त्या वेळी मेजाच्या त्या चार हात जागेचीच सर्वांत अधिक गरज होती.

काही काळाने रिक्टर दुसरीकडे गेले. मग डॉ. रॉबिन हिल यांच्या हाताखाली कमलेचे काम सुरू झाले. वनस्पतींच्या पेशींत चालणाऱ्या क्रियांचे हिल हे मोठे जाणकार होते. कमलेने संशोधनासाठी घेतला तो साधा बटाटा.

आपण श्वास घेतो तेव्हा हवेतील प्राणवायू शरीरात जातो. पेशीपेशींत त्याच्या साहाय्याने अन्नाचे मंद ज्वलन होते आणि त्यातून शरीराला शक्ती मिळते. चुलीतील लाकूड भडकून जळते. पेशीतील अन्न मात्र पायरीपायरीने, सावकाश जळते. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून पाण्याची घागर जशी एका हातातून दुसऱ्या हातात देत न्यावी, तशा रीतीने पेशीतील काही द्रव्ये इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण एकमेकांकडे सोपवीत अखेर प्राणवायूपर्यंत पोहोचवितात. या रांगेतील एका द्रव्याला सायटोक्रोम सी असे म्हणतात. त्याच्या रेणूत लोहाचा अंश असतो. प्राण्यांच्या पेशींतील या द्रव्यांचे कार्य केंब्रिज येथीलच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली उलगडून दाखविले होते. वनस्पतींचे काय, हा प्रश्न होता. बटाट्यावर काम करीत असता कमलेला असे आढळून आले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि तेथील ज्वलनक्रियेत त्याचा भाग असतो. झाड आणि प्राणी बाहेरून कितीही निराळे दिसोत, श्वासाची त्यांची आतली रीत एकच आहे, हे या शोधामुळे अधिक स्पष्ट झाले.

अवघ्या चौदा महिन्यांत तिने हे काम पुरे केले. तिचा प्रबंध केवळ चाळीस पानांचा होता. जाडजूड ग्रंथांची सवय असलेल्या परीक्षकांनाही त्या चाळीस पानांत काही उणे आढळले नाही. १९३९ साली तिला डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी आरंभीच्या भारतीय स्त्रियांत तिची गणना होते.

परदेशात राहून मानसन्मान मिळविणे कमलाबाईंना शक्य होते. पण त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून त्यांनी प्रथम काम केले. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील आहारसंशोधनाच्या प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. १९४७ साली त्यांचा विवाह श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

आता शिष्याची भूमिका संपली होती. गुरूची सुरू झाली. ज्या विषयाचा श्रीगणेशा श्रीनिवासय्यांच्या हाताखाली झाला होता, तोच विषय कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला. वाल, पावटा यांसारख्या कडधान्यांत पचनाच्या क्रियेला अडथळा करणारी काही द्रव्ये असतात. अन्नातील प्रथिने पचविण्यासाठी आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक रस असतो. ही द्रव्ये त्याचे काम रोखून धरतात. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी आपल्या देशातील अन्नपदार्थांत अशा द्रव्यांचा शोध घेतला. उष्णता दिली म्हणजे या द्रव्यांचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. कडधान्ये भिजवून, चांगली शिजवून खावी, हा आजीबाईंचा सांगावा किती शास्त्रशुद्ध आहे, हे यावरून कळते.

त्यांचे दुसरे महत्त्वाचे काम नीरेविषयीचे. ताडमाडांच्या झाडांपासून मिळणारा ताजा गोड रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास हाती घेतला. जीवनसत्त्वे व लोह यांमुळे हे पेय दुबळ्या प्रकृतीच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना उपकारक ठरते, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. डाळ असो वा नीरा, ज्यांच्यापाशी महागडे अन्न विकत घेण्यास पैसा नाही, त्यांना स्वस्त अन्नातून पोषण कसे मिळेल, हीच चिंता त्यांच्या सर्व संशोधनामागे दिसते.

यथाकाल त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या. एके काळी संचालकांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह करणारी मुलगी स्वतः संचालकांच्या खुर्चीवर बसली. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या एक संस्थापक सदस्या होत. अन्नपदार्थांत होणारी भेसळ कशी ओळखावी, हे गृहिणींना समजावून सांगण्याचे काम त्यांनी आनंदाने केले, आणि १९८२-८३ साली त्या संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. प्रयोगशाळेतील विद्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली पाहिजे, असे त्यांना वाटे.

उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार केला. त्यासाठी पुढाकार घेतला तो डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी. त्या परिषदेच्या महासंचालकपदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच महिला होत. ज्या पिढीने दार ठोठावले, तिचा गौरव त्या दारातून आत आलेल्या पिढीने करावा, हे उचितच होते. १९९८ साली कमलाबाई निवर्तल्या.

कमलाबाईंचे धैर्य असामान्य होते, यात शंका नाही. पण त्यांची हकीकत नीट पाहिली तर तिच्यात आणखी काही माणसे दिसतात. मुलीने विज्ञान शिकावे असे वाटणारे वडील, तिच्यासाठी रदबदली करणारे काका, कडक शिस्तीचे पण निःपक्षपाती गुरू श्रीनिवासय्या, आपले मेज देणारे रिक्टर, संधी देणारे हॉपकिन्स आणि संशोधनाची दिशा दाखविणारे हिल. यांपैकी कोणीही तिचे काम तिच्याऐवजी केले नाही. प्रत्येकाने तिला काम करू दिले, आणि ते चांगले करावयास लावले. रामन यांच्याविषयीही न्यायाने बोलावयाचे, तर आपली खात्री पटल्यावर त्यांनी संस्थेचे दार पुन्हा लावून घेतले नाही. तरीही, तो पहिला नकार कमलाबाईंच्या मनाला जन्मभर सलत राहिला. ज्यांना असा नकार मिळाला आणि ज्यांच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही, अशा किती मुली त्या दारावरून परतल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

बुद्धी मुलगा आणि मुलगी असा भेद पाहून जन्माला येत नाही. तिला हवी असते थोडीशी जागा, योग्य गुरू आणि वेळेवर मिळालेला एक विश्वासाचा शब्द. असा शब्द देण्यास माणूस संचालक असावा लागत नाही. शेजारच्या बाकावर बसणारा सोबतीही तो देऊ शकतो.

स्वाध्याय

१. कमला भागवत यांचा अर्ज प्रथम का नामंजूर झाला? त्यांनी त्या वेळी काय केले?
२. प्रवेश देताना रामन यांनी कोणत्या अटी घातल्या? त्यांपैकी तुम्हांला सर्वांत अन्यायाची वाटणारी अट कोणती, ते सकारण सांगा.
३. ‘गुरूच्या कडकपणामागे शिष्याविषयीचा विश्वास दडलेला असतो.’ हे वाक्य तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. पेशीतील मंद ज्वलन समजावून देण्यासाठी पाठात कोणता दृष्टान्त दिला आहे?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मान तुकविणे, माघार घेणे, नावारूपाला येणे, श्रीगणेशा होणे, रदबदली करणे.
६. कडधान्ये भिजवून व शिजवून का खातात, हे घरातील वडीलमाणसांना विचारा. त्यांच्या उत्तराची पाठातील माहितीशी तुलना करा.